विहिरीची भिंत वाचावयास शिका

देऊळघाटच्या शेतकऱ्यास भूशास्त्र शिकण्यासाठी दूर जावयास नको. न बांधलेल्या विहिरीची उघडी भिंत हेच त्याचे पुस्तक होय. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पाणी साठते ते मुरमात व खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात नव्हे. पाणाड्याचा नारळ उभा राहो वा न राहो, कर्ज काढून विहीर खोल करण्यापूर्वी पाझर कोणत्या थरातून येतो, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास दाखवावे.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत, पंप सुरू करण्यापूर्वी, दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडून तिचा कोरडा भाग मोजावा व वहीत लिहावा. काठावरील खूण मात्र बदलू नये.