खर्ऱ्यामागचं सेरोटोनिन

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या बसस्टँडवर साकोलीची गाडी येईपर्यंत दोन-चार खर्रे सहज घोटून होतात. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घालून घासायचं आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्ऱ्याचं घोटणं काही थांबलं नाही. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे अवघे ३.८ टक्के. यातलं निकोटिन हे उत्तेजकच. कायदा त्याला कोकेन किंवा 'एमडी'च्या (मेफेड्रोनच्या) पंगतीला बसवत नाही, मेंदू बसवतो.

व्यसन म्हटलं की सगळं खापर मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर फुटतं. कोकेन हे डोपामिन परत उचलून घेणारं प्रथिन अडवतं, डोपामिन साचतं आणि चटक लागते, अशी समजूत होती. १९९८ साली ते प्रथिनच नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. उंदीर तरीही कोकेन घेतच राहिले! त्याच वर्षी दिसलं की सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा '१बी' रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, नसलेले उंदीर कोकेनसाठी जास्तच धडपडतात.

सेरोटोनिनचे असे चौदा प्रकारचे रिसेप्टर आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. मालगुजारी तलावाचं पाणी एकच असतं. कोणत्या बांधीत किती जाईल ते तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, ठरवतं, तसंच हे. '२सी' रिसेप्टर चेतवला की डोपामिनच्या पेशींना आवर बसतो. अशा औषधावर उंदीर कोकेनही कमी घेतात, निकोटिनही. '२ए'चं उलटं. तो अडवला, तर सुटलेल्या कोकेनकडे पुन्हा वळण्याची ओढ उंदरांत घटते. म्हणून 'सेरोटोनिन वाढवा, व्यसन सुटेल' हा सल्ला मला अर्धकच्चा वाटतो. सरसकट सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्याच्या गोळ्या कोकेनच्या व्यसनावर फारशा चालल्या नाहीत, यात नवल नाही.

नेमका '२सी' चेतवणारी गोळी बाजारात आलीही होती. लॉर्कासेरिन तिचं नाव. २०१२ साली अमेरिकेत लठ्ठपणासाठी मंजूर झाली. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांवर तिची चाचणी झाली, तेव्हा नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा तिच्यावरचे जास्त लोक सुटले. मग दीर्घ पाहणीत ती घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त आढळलं आणि फेब्रुवारी २०२०मध्ये कंपनीला ती मागे घ्यावी लागली. तोंडाच्या कर्करोगाच्या भीतीने खर्रा सोडणाऱ्याला ही गोळी कोण देणार?

शिवाय खर्ऱ्यात एकटं निकोटिन नसतं. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिनही तरतरी देतं, आणि त्याची वाट वेगळी. नुसत्या तंबाखूवरचा उपाय इथे अपुरा पडतो तो त्यामुळेही. तूर्त लाखनीतल्या माणसाच्या हाताशी आहे ते निकोटिनचं च्युइंग गम, डॉक्टरांचा सल्ला आणि तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा: १८००-११-२३५६.