ऑब्जेक्टिव्हपाशी लेसरची शक्ती मोजताना

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर लेसर '5 टक्के' दिसतो, पण नमुन्यावर किती मिलिवॉट पडतात ते त्यावरून कळत नाही. वाटेतले आरसे, गाळण्या आणि भिंगे बराच प्रकाश खातात. म्हणून मापन ऑब्जेक्टिव्हच्या पुढे, नमुन्याच्याच जागी करावे लागते.

खरी अडचण तेलात बुडवून वापरायच्या ऑब्जेक्टिव्हची. 1.4 न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर असलेल्या भिंगातून कडेचे किरण अक्षाशी सुमारे 67 अंशांचा कोन करून निघतात. काच आणि हवा यांच्यातला क्रांतिक कोन साधारण 41 अंश. मध्ये हवेची फट राहिली, की त्यापलीकडचे किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतात आणि आकडा कमी येतो. तोही खराच वाटतो, हे जास्त वाईट. यावर उपाय म्हणजे काचपट्टीच्या आकाराचा संवेदक, भिंग आणि त्याच्यामध्ये तेलाचा थेंब.

संवेदकातल्या सिलिकॉन फोटोडायोडची संवेदनशीलता तरंगलांबीनुसार बदलते, तेव्हा मीटरवर 488 नॅनोमीटर किंवा जी असेल ती तरंगलांबी आधी निवडावी. लेसर तापून स्थिर होऊ द्यावा, अंधारात शून्य जुळवावे. किरण एका बिंदूवर थांबवावा, कारण स्कॅनिंगमध्ये परतीच्या वेळी तो बंद होतो आणि सरासरी घसरते. ठिपका मात्र किंचित पसरट ठेवावा. नेमक्या नाभीवर संवेदक संपृक्त होऊ शकतो.