फ्यूज सारखा उडतोय? आधी रेक्टिफायर काढून बघा

१९६० च्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटार अ‍ॅम्प्लिफायर चालू करताच फ्यूज उडवत असेल, तर मोठा फ्यूज अजिबात घालू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. जीझेड३४ ही रेक्टिफायर ट्यूब काढून योग्य फ्यूज लावा. फ्यूज टिकला, तर दोष त्या ट्यूबमध्ये किंवा तिच्या पुढे. तरीही उडाला, तर ट्रान्सफॉर्मर आणि हीटरचं वायरिंग तपासा.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूंऽऽ आवाज येतोय? बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर वाळलेले असतात. चॅसिसवरच्या पत्र्याच्या डबीखाली बघा. एखाद्याचं टोक फुगलेलं किंवा गळलेलं दिसलं, की सगळेच बदला, एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही.

आणि कळकळीनं सांगतो, प्लग काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट उरू शकतात! रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका.