ऊस वाहतूक : रात्रीचे अपघात टाळा

ऊस तोडून, मोळ्या बांधून ट्रॉलीत भरला की आपले काम संपले, असे अनेक शेतकरी बंधूंना वाटते. परंतु फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतचा रस्ता हाही ऊस शेतीचाच भाग आहे. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून दुचाकीस्वार दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचावयास मिळतात. हे अपघात का होतात ते समजून घेतल्यास त्यांपैकी बरेचसे टाळता येतील.

अपघात का होतो?

ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी मोटारसायकल दर सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात २५ मीटर अंतर संपते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावरही गाडी थांबण्यास आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरांहून अधिक अंतर हवे. परंतु दिव्याचा झोत खाली असताना, रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली साधारणपणे ३० ते ४० मीटरवर आल्यावरच स्पष्ट दिसते. समोरच्या वाहनाच्या उजेडाने डोळे दिपले असल्यास त्याहूनही उशिरा दिसते. अशा वेळी चालक सावध असूनही धडक टळत नाही. याउलट चांगला रिफ्लेक्टर शंभर मीटरांहून अधिक अंतरावरून चमकतो.

कोणती काळजी घ्यावी?

१) ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळ्या व पुढे पांढऱ्या रंगाची परावर्तक पट्टी लावावी. चिखल व धूळ बसल्यास ती निकामी होते, म्हणून प्रत्येक खेपेपूर्वी पुसावी.

२) ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबकळू देऊ नये. लोंबणाऱ्या वाढ्यांमुळे मागील दिवे व रिफ्लेक्टर झाकले जातात. उंच भरलेली ट्रॉली वळणावर कलंडण्याचाही धोका असतो.

३) रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांस जोडलेले असावेत. एकाच चाकाला ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये.

४) ट्रॉली बंद पडल्यास ती शक्यतो रस्त्याच्या खाली घ्यावी. ते शक्य नसल्यास मागे किमान ८० पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवावा व एक माणूस बॅटरी घेऊन बाजूला उभा करावा.

५) चाकांना लावलेले दगड निघताना रस्त्यावर सोडू नयेत. ट्रॉली निघून जाते, पण पुढचा अपघात त्या दगडांमुळे होतो.

दुचाकीस्वारांनी हंगामात रात्री वेग ताशी ४० कि.मी.पर्यंत ठेवल्यास गाडी सुमारे ३० मीटरांत थांबू शकते. हेल्मेट तर हवेच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर माल लोंबत असल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. परावर्तक पट्टीचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे.

ट्रॉली वाहतूकदाराची असली तरी तीत भरलेला ऊस आपला असतो. म्हणून अंधार पडल्यावर ट्रॉली फडातून बाहेर पडण्यापूर्वी ८० पावले मागे जाऊन डोळ्यांच्या उंचीवरून तिच्यावर बॅटरीचा झोत टाकावा. पट्टी चमकली तरच ट्रॉली रस्त्यावर जाऊ द्यावी.