हायड्रोजन-अल्फा दुर्बीण

हायड्रोजन-अल्फा दुर्बीण ही सूर्याच्या वर्णगोलाचे निरीक्षण करण्यासाठी वापरली जाणारी सौर दुर्बीण होय. हायड्रोजनच्या वर्णपटातील एका लाल रेषेस हायड्रोजन-अल्फा असे म्हणतात. तिची तरंगलांबी सुमारे ६५६.२८ नॅनोमीटर, म्हणजेच ६५६२.८ अँगस्ट्रॉम असते. या रेषेभोवतीची अत्यंत अरुंद पट्टी वगळता बाकीचा सर्व प्रकाश ही दुर्बीण अडवते. सौर फिल्म लावलेल्या साध्या दुर्बिणीतून दीप्तिगोल व त्यावरील सौरडाग दिसतात. हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीतून त्यावरच्या थरातील तेजःशृंगे, तंतू आणि सौर उद्दीप्ती पाहता येतात. तेजःशृंग व तंतू या वस्तुतः एकाच प्रकारच्या रचना आहेत: सूर्याच्या कडेबाहेर त्या तेजस्वी, तर बिंबाच्या पार्श्वभूमीवर काळसर दिसतात.

इतिहास

पूर्वी तेजःशृंगे केवळ खग्रास ग्रहणातच दिसत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून ग्रहणाचे निरीक्षण केले. तेजःशृंगांच्या वर्णरेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्यांना वाटले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते सिद्ध केले. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे हेच साधले.

विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ या जागेचा संबंध पुष्कळदा लॉकियर यांच्या १८६८ मधील शोधाशी जोडला जातो. परंतु तो शोध इंग्लंडमधील आहे. लॉकियर यांनी विजयदुर्ग येथून निरीक्षण केले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथून केले होते.

रचना

अशा दुर्बिणीचा मुख्य भाग म्हणजे एटेलॉन. त्यात अंशतः परावर्तन करणारे दोन समांतर पृष्ठभाग असतात. त्यांतून एकच नव्हे, तर ठरावीक अंतराने येणाऱ्या अनेक अरुंद पट्ट्या पार होतात. त्यांपैकी हायड्रोजन-अल्फाची पट्टी निवडण्याचे काम अवरोधक फिल्टर करतो. उष्णता व अवरक्त किरण रोखण्यासाठी आणखी एक फिल्टर असतो. हे तिन्ही घटक मिळून संच पूर्ण होतो. एटेलॉन किंचित तिरपे करून, त्यातील हवेचा दाब बदलून किंवा काही प्रकारांत तापमान बदलून ती पट्टी रेषेवर अचूक आणता येते.

निवडीचे निकष

पट्टीची रुंदी: रात्रीच्या दुर्बिणीत भिंगाच्या व्यासाला सर्वाधिक महत्त्व असते, येथे ते पट्टीच्या रुंदीला असते. सुमारे १ अँगस्ट्रॉम रुंदीच्या पट्टीत कडेवरील तेजःशृंगे चांगली दिसतात, मात्र बिंबावरील तपशील फिकट राहतात. ०.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास तंतू स्पष्ट होऊ लागतात. दोन एटेलॉन एकामागे एक बसवल्यास रुंदी सुमारे ०.५ अँगस्ट्रॉमपर्यंत येते. बिंब अधिक उठावदार दिसते, परंतु प्रतिमा मंद होते व खर्च बराच वाढतो.

भिंगाचा व्यास: ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग या प्रकाशात सुमारे ३.३ विकलांपर्यंतचे, म्हणजे सूर्यावर सुमारे २,४०० किलोमीटरचे, तपशील वेगळे दाखवू शकते. दिवसा तापलेल्या हवेच्या हालचालीमुळे याहून मोठ्या भिंगाचा पूर्ण लाभ अनेकदा मिळत नाही. म्हणून नवख्या निरीक्षकास ४० ते ६० मिलिमीटरची दुर्बीण पुरेशी ठरते.

अवरोधक फिल्टरचा व्यास: सूर्यप्रतिमेचा व्यास केंद्रांतराच्या सुमारे १/१०७ असतो. ४०० मिलिमीटर केंद्रांतरासाठी ही प्रतिमा सुमारे ३.७ मिलिमीटरची होते. फिल्टर तिच्यापेक्षा मोठा नसल्यास संपूर्ण बिंब एकाच वेळी दिसत नाही.

वसई-विरार परिसरातील वापर

वसई-विरारसारख्या किनारी भागात निवड करताना हवामान व अक्षांश यांचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे निरीक्षण जवळजवळ थांबते. दमट, खारट हवेमुळे काचेवर बुरशी चढू शकते. त्यामुळे दुर्बीण सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवणे श्रेयस्कर असते. जुनी दुर्बीण विकत घेताना फिल्टर धूसर झाला आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते. निरीक्षणास सकाळची वेळ उत्तम. दुपारी काँक्रीटच्या गच्चीवरून उठणाऱ्या गरम हवेने प्रतिमा थरथरते.

हा परिसर सुमारे १९.४° उत्तर अक्षांशावर आहे. काही विषुववृत्तीय बैठका इतक्या कमी अक्षांशावर जुळवता येत नाहीत, याची खात्री खरेदीपूर्वी करावी लागते. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा आडव्या-उभ्या दिशेत फिरणाऱ्या बैठकीवरून त्याचा माग घेणे अवघड जाते.

सुरक्षितता

तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठीही ‘हायड्रोजन-अल्फा’ नावाचे फिल्टर मिळतात. त्यांची पट्टी बहुधा काही नॅनोमीटर, म्हणजे सौर फिल्टरच्या अनेक पटींनी रुंद असते आणि ते सूर्याचा प्रकाश पुरेसा मंद करत नाहीत. असा फिल्टर लावून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते. दृष्टिपटलात वेदनेची जाणीव नसल्याने इजा होत असताना ती कळतही नाही. सौर दुर्बिणीतील केवळ एटेलॉन किंवा केवळ अवरोधक फिल्टर वापरणेही तितकेच घातक आहे. नेत्रिकेवर बसवायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकू शकतात, तर जुन्या क्ष-किरण फिल्म कोणत्याही सौर निरीक्षणासाठी सुरक्षित नाहीत. प्रत्येक वापरापूर्वी सर्व फिल्टर जागेवर व अखंड आहेत याची तपासणी करावी लागते, आणि लहान मुले जवळ असताना दुर्बीण क्षणभरही विनादेखरेख ठेवू नये.