राजा गुरू, मंत्री मंगळ

नव्या वर्षाचे पंचांग घरात आले, की आमच्या तामलवाडीच्या ओसरीवर दोन पक्ष पडतात. एक भविष्य वाचणाऱ्यांचा, दुसरा त्यास हसणाऱ्यांचा. आणि गंमत अशी, की हसणारेच आधी आपली रास काढून पाहतात. या खेपेस हा संग्राम अधिकच रंगला. कारण १९ मार्च २०२६ रोजी सुरू होणाऱ्या शके १९४८ च्या संवत्सराचे नावच मुळी 'पराभव'!

"आजोबा, त्या वर्षी माझी बारावी. पराभव नावाच्या वर्षात परीक्षेस बसावे तरी कसे?" नातवाने फिर्याद मांडली.

"अभ्यास न करण्यास आता संवत्सराचीही सही मिळाली," सूनबाई आतून म्हणाल्या.

आम्ही त्यास समजाविले, की संवत्सरांची नावे साठ. ती प्रभवापासून क्षयापर्यंत रहाटगाडग्याप्रमाणे फिरतात. मागील 'पराभव' १९६६-६७ साली येऊन गेला. त्या जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले, हे खरे. परंतु त्याच डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने पाकिस्तानास हरवून हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. तेव्हा पराभव कोणाचा, हे संवत्सर सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

पुढे राजा-मंत्र्यांची निवड निघाली. पाडव्याच्या वाराचा स्वामी तो वर्षाचा राजा, मेषसंक्रांतीच्या वाराचा स्वामी तो मंत्री. पाडवा गुरुवारी, म्हणून राजा गुरू. संक्रमण १४ एप्रिलच्या मंगळवारी, म्हणून मंत्री मंगळ.

"म्हणजे राजा उपदेश करणार आणि मंत्री भांडणार," आमचे कुटुंब म्हणाले, "हे तर या घरात चाळीस वर्षे चालू आहे." यावर आम्ही मौन स्वीकारले.

ग्रहांचे असे, तर पशूंचे का नसावे? आमच्या शेजारच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत होमविधीनंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ इत्यादी मांडतात. ते कशास तोंड लावते, बिथरते की शांत राहते, यावरून पाऊसपाणी व महागाई यांचे अनुमान काढतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेस शेतात घटमांडणी होते आणि तीवरून पिकांबरोबर राजगादीचेही भाकीत निघते. "वासरू निदान दक्षिणा तरी मागत नाही," असा आमच्या धाकट्या बंधूंचा अभिप्राय पडला.

मनुष्य ज्योतिष्यांची परीक्षाही एकदा झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमविल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या. कोणती कोणाची, हे २७ ज्योतिष्यांस ओळखावयाचे होते. शेकडा ४६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते, तर पन्नासांच्या आसपास आली असती!

सर्व हसले, बंधू मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारले, "दादा, यंदा मृगाचे वाहन कोणते?"

आमच्या हातचे पान तसेच राहिले. वाचकहो, पर्जन्यनक्षत्रांची वाहने नऊ. हत्ती, बेडूक, म्हैस ही पावसास चांगली मानतात. सूर्य नक्षत्रात शिरताना चंद्र कितव्या नक्षत्री आहे, ते मोजून नवांनी भागावे. बाकी उरेल ते वाहन. भागाकार बिनचूक असतो. परंतु ढगांस भागाकार येत नाही. काही वर्षांपूर्वी मृगास बेडूक आला होता. पहिली सर पडताच बंधूंनी सोयाबीन पेरले, आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. बियाणे जमिनीतच करपले. दुबार पेरणीसाठी धाकट्या भावजयीच्या बांगड्या गहाण पडल्या. आणि तो बेडूक याच ओसरीवर, चष्मा पुसून, मोठ्या आवाजात वाचून दाखविणारे गृहस्थ आम्हीच होतो. बंधूंनी त्याबद्दल कधी एक शब्दही काढला नाही. म्हणूनच तो आम्हांस विसरता येत नाही.

पंचांगाचा आम्ही अनादर करीत नाही. ग्रहणाचा क्षण ते आधी सांगते आणि तो बरोबर येतो. तेथे गणित आहे. फलाच्या पानावर आशा आहे. आशा वाचावी, परंतु तिच्यावर बियाणे टाकू नये.

आम्ही पंचांग मिटले व म्हणालो, "वाहन कोणतेही असो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषिखाते सांगते. तेवढा होईतो तिफण घराबाहेर काढावयाची नाही."

"तो मोजावयाचा कोणी?"

"मी मोजीन, काकाआजोबा," नातू म्हणाला. पर्जन्यमापक कोठे बसवावा, यावर दुसऱ्याच दिवशी अंगणात वाद सुरू झाला.

पाडव्यास कडुनिंब खाऊन पंचांगवाचन नेहमीप्रमाणेच व्हावयाचे. "आणि बेडूक आला तर?" बंधूंनी जाताजाता विचारले.

"ओरडू द्यावा," आम्ही म्हटले. "पेरावयाचे आहे ते आपल्यास."