फसफसणारे स्नानगोळे

पाण्यात पडताच फसफसणारा स्नानगोळा १९८९ साली इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन या बाईंनी काढला. घरी तो करणे अवघड नाही. बेळगाव-निपाणीकडे अडचण आहे ती पावसाळी हवेची. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व व एक वाटी मक्याचे पीठ कोरडेच एकत्र करावे. लिंबूसत्त्व डोळ्यांस झोंबते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे. मग दोन चमचे खोबरेल घालून पाण्याचा केवळ शिंतोडा द्यावा. नवशिका चुकतो तो येथेच. पाणी अधिक झाले की सोडा व आम्ल यांचा कर्बवायू तेव्हाच उडून जातो व गोळा फुगून फुटतो. मुठीत दाबता मिश्रण धरून राहिले की पुरे. ते वाटीत ठासून दिवसभर वाळवावे. आषाढातील दमट हवाही पाण्याचेच काम करते. म्हणून गोळे उन्हाळ्यात करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. न्हाणीघरात टब नसला तरी बिघडत नाही. बादलीस लिंबाएवढा गोळा पुष्कळ झाला.